आरव्ही-७ए: नाचणारं ऑइल प्रेशर आणि दोन नवे सेन्सर

माझ्या विमानाच्या ऑइल प्रेशरचा (इंजिनातल्या तेलाच्या दाबाचा) आकडा उन्हाळ्यापासून अधूनमधून नाचत होता. ७२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), मग एकदम ३८, लगेच ९९, आणि पुन्हा ७२. स्क्रीन लाल, हेडसेटमध्ये इशाऱ्याची कटकट, आणि इंजिन आपलं एकाच सुरात चालू.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: विमान आरव्ही-७ए, म्हणजे किटमधून स्वतः बांधायचं छोटं विमान; इंजिन लायकमिंग ओ-३६० कार्ब्युरेटरवालं, कॉन्स्टंट स्पीड प्रॉप (पात्यांचा कोन आपोआप बदलून आरपीएम कायम ठेवणारा पंखा), पॅनेलमध्ये इंजिनाचे आकडे दाखवणारा गार्मिन जी३एक्स स्क्रीन.

हवेत असताना असा आकडा खराच धरायचा आणि जवळची धावपट्टी गाठायची, चौकशी जमिनीवर. तरी आपल्याकडे एक चांगला साक्षीदार असतो. प्रॉपचा गव्हर्नर (पात्यांचा कोन सांभाळणारं यंत्र) इंजिनाच्याच तेलावर चालतो; दाब खरोखर गेला तर आपल्या एकइंजिनी विमानात पाती फाइन पिचकडे, म्हणजे कमी कोनाकडे, जातात आणि आरपीएम चढतो. माझा २४०० वरून हललाही नव्हता. तेलाचं तापमान जागेवर. आणि खरा दाब क्षणात ६० पीएसआयची उडी मारून परत येत नाही.

तेवढ्यावरून लगेच नवा सेन्सर मागवणं मला पटत नाही. जुना सेन्सर एका वायरचा, म्हणजे त्याचं ग्राउंड बॉडीतून, आट्यांतून, फायरवॉलवरच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्यावरच्या) मॅनिफोल्ड ब्लॉकमार्गे, म्हणजे सेन्सर ज्यात बसतात त्या धातूच्या ठोकळ्यामार्गे, जातं. तिथे गंज किंवा टेफ्लॉन टेप असेल तर सेन्सर ठणठणीत असूनही आकडा भरकटतो. म्हणून लँडिंग लाइट आणि पिटो हीट (वेगमापक नळीचा हीटर) अशी जास्त वीज खाणारी उपकरणं चालू-बंद करून पाहिलं; ग्राउंड खराब असतं तर आकडा हलला असता. आकडा सरकला नाही. सेन्सरची बॉडी ते बॅटरीचं ऋण टोक, मल्टिमीटरवर जवळजवळ शून्य ओहम. ग्राउंड सुटलं निर्दोष.

मग सेन्सर काढून बाकावर घेतला. रोड बाइकच्या गेजवाल्या पंपाला अडॅप्टर लावून हळूहळू दाब चढवला, टर्मिनल आणि बॉडीमध्ये मीटर. १० ओहमच्या आसपासून आकडा सरळ वाढायला हवा. वाढलाही, ७० पीएसआयजवळ येईपर्यंत. तिथे मीटर ओपन सर्किट दाखवून गेला, थोडा पुढे सरकवला की परत ठीक. दर वेळी तीच जागा. क्रूझमध्ये दाब तिथेच असतो, म्हणजे आतला वायपर (रोधाच्या पट्टीवर सरकणारा संपर्क) उड्डाणाचे तास न् तास पट्टीच्या त्याच मिलिमीटरभर जागेवर थरथरत राहिला आणि पट्टी तेवढीच खरवडली गेली.

तसलाच नवा बसवला तर पुन्हा हेच होणार. म्हणून कॅव्हलिको कंपनीचे तीन वायरचे सेन्सर घेतले: ५ व्होल्ट पुरवठा, वेगळं ग्राउंड, आणि ०.५ ते ४.५ व्होल्टचा सिग्नल. आत घासणारा भागच नाही. ऑइलला १५० पीएसआयचा. फ्युएल प्रेशरचा सेन्सर अजून धडधाकट होता, पण वय आणि जात तीच, म्हणून तोही गेला. त्याला १५ पीएसआयचा घेतला; या इंजिनाची फ्युएल प्रेशरची मर्यादा ०.५ ते ८, तिथे ५० चा सेन्सर लावून बारकावा कशाला घालवायचा?

काही जण सेन्सर निपल (आट्यांची छोटी नळी) लावून थेट इंजिनावर बसवतात. मी तसं करणार नाही. लोंबतं वजन आणि इंजिनाची थरथर एकत्र आली की एखाद्या दिवशी फिटिंग मानेतून तुटते आणि सगळं तेल बाहेर. ब्लॉक फायरवॉलवरच ठेवला, इंजिनापासून तिथवर फायरस्लीव्हची (आगीपासून वाचवणाऱ्या वेष्टणाची) नवी होस. इंजिनाकडच्या रिस्ट्रिक्टर (प्रवाह रोखणाऱ्या) फिटिंगचं भोक टाचणीएवढं. होस फाटली तरी तेल हळू जाईल. ते मोकळं आहे ना, ते टॉर्च धरून पाहून घेतलं.

फ्युएल व्हॉल्व्ह बंद, बॅटरी सोडलेली, मग पाना. एका पान्याने ब्लॉक धरायचा, दुसऱ्याने सेन्सर फिरवायचा, नाहीतर सगळा पीळ ब्लॉकच्या बोल्टवर येतो. आट्यांना पेस्ट सीलंट, पहिले दोन आटे कोरे. टेप अजिबात नाही. तिचा तुकडा सुटून रिस्ट्रिक्टरमध्ये बसला तर नवंच दुखणं. शेवटी केशरी टॉर्क सीलची रेघ, म्हणजे फिटिंग सैल झालं तर तुटून दिसेल अशी रंगाची खूण.

जी३एक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये सेन्सरचा प्रकार बदलला. इंजिन बंद असताना दोन्ही सिग्नल अर्धा व्होल्ट, स्क्रीनवर शून्य. बूस्ट पंप (इंधनाचा विजेवरचा जादा पंप) लावून प्रत्येक फिटिंग टिश्यूने पुसली, कोरडी. काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडं ठेवून इंजिन चालवलं: गार असताना ९० च्या थोडं वर, गरम झाल्यावर ७६, आयडलला ४०. लायकमिंगचं म्हणणं चालू इंजिनाला ५५ ते ९५, आयडलला किमान २५. मेकॅनिकल गेज जोडून पडताळलं, फरक २ पीएसआयच्या आत.

पुण्याहून विचारणा होती की याला परवानगी कुणाची लागते. इथे अमेरिकेत एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट विमानावर दुरुस्ती कुणीही करू शकतं. वार्षिक कंडिशन इन्स्पेक्शनला मात्र ए अँड पी (विमानाची बॉडी आणि इंजिन दोन्हींचा परवाना असलेला) मेकॅनिक किंवा बांधणाऱ्याचं रिपेअरमन सर्टिफिकेट हवं. लॉगबुकात नोंद केली.

विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालून आलो, आकडा ७४-७५ ला चिकटून. चढताना फ्युएल प्रेशर मात्र पाचवरून साडेतीनवर येतं. जुना सेन्सर हे दाखवतच नव्हता. मर्यादेत आहे, पण पुढच्या वेळी चढताना बूस्ट पंप चालू आणि बंद असा दोन्हीकडचा डेटा उतरवून घेणार आहे. ओ-३६० वाल्यांनी आपापले चढतानाचे आकडे कळवा.