बॅटिंग पॅड बांधलेला कॅचर

बेसबॉलच्या निवड चाचणीला एक कॅचर (फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा) क्रिकेटचे बॅटिंग पॅड बांधून आला. शाळेच्या किटमध्ये लेगगार्ड नव्हते, जर्सी मात्र नव्याकोऱ्या. फोटोत दिसतं ते सामान आपल्याकडे आधी येतं.

उकिडवं बसलं की पॅडची वरची पाळ मांडीला अडत होती. तेवढं चाललं असतं. पण टप्पा पडून आलेला चेंडू ब्लॉक करायचा, तर दोन्ही गुडघे एकदम खाली टाकावे लागतात. मिट, म्हणजे कॅचरचा जाड हातमोजा, मांड्यांमधल्या फटीत, दुसरा हात मिटच्या मागे, हनुवटी छातीला, खांदे पुढे. मग चेंडू अंगावर आपटून समोरच पडतो. लेगगार्डला गुडघ्याची वाटी वेगळी असते, ती पायाबरोबर वळते. बॅटिंग पॅड उभ्या माणसासाठी. तो तेवढा दुमडत नाही. पोराचे गुडघे टेकेपर्यंत चेंडू खालून पसार, तिसऱ्या बेसवरचा रनर घरी, म्हणजे समोरच्यांना एक रन. मुलाचे हात उत्तम होते. निवड समितीने 'पास बॉल', म्हणजे कॅचरकडून निसटलेले चेंडू, तेवढे मोजले.

तेव्हापासून जुना अमेरिकन कॅचर रॉजर ब्रेस्नहन डोक्यातून जात नाही. 11 एप्रिल 1907, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, हंगामाचा पहिला सामना, समोर फिलाडेल्फियाचा संघ. न्यूयॉर्क जायंट्स संघाचा हा कॅचर क्रिकेटच्या पॅडवरून बेतलेले गार्ड सगळ्यांना दिसतील असे बांधून उतरला. लोकांनी टर उडवली. (त्याच प्रेक्षकांनी पुढे मैदानात बर्फाचे गोळे फेकले आणि पंच बिल क्लेमने सामना फिलाडेल्फियाला देऊन टाकला.) जाळीचा मास्क तोवर तीसेक वर्षं रुळलेला, चेस्टगार्डही. नडगी झाकली की मात्र भित्रा!

लेगगार्डचा शोध त्याच्या नावावर खपवतात, ते मला पटत नाही. फिलाडेल्फियाचाच कॅचर रेड डूइन मोज्याखाली गार्ड घालायचा असं सांगतात. ब्रेस्नहनने ते मोज्यावर बांधले, एवढंच. पण तेच अवघड होतं. आणि तो बसून राहणारा कॅचर नव्हता. कारकिर्दीत 212 बेस चोरले (चेंडू टाकला जात असतानाच धावून पुढचा बेस गाठला), अनेकदा पहिला फलंदाज म्हणून उतरला. 1905 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या लढतीत, जायंट्सचा पिचर (चेंडू टाकणारा) मॅथ्यूसनने तीन सामन्यांत एकही रन दिला नाही, तेव्हा मिट याच्याच हातात होतं. 1908 मध्ये तर 139 सामन्यांत त्याने कॅचिंग केलं. नडगी शाबूत असेल तरच गुडघे बेधडक खाली जातात. 'आधी गार्डशिवाय बसायला शिक' म्हणणाऱ्या प्रशिक्षकांना हे कोण सांगणार?

गार्ड बांधले त्याच वर्षी, 1907 च्या जूनमध्ये, फलंदाजी करताना पिचर अँडी कोकलीचा चेंडू ब्रेस्नहनच्या डोक्यात बसला. तो बेशुद्ध पडला, अखेरच्या प्रार्थनेला धर्मगुरू आले. बरा झाल्यावर त्याने हवा भरायचं शिरस्त्राण वापरून पाहिलं. गार्ड काही वर्षांत सगळ्यांनी बांधले, शिरस्त्राण कोणी घेतलं नाही. अमेरिकेतल्या मेजर लीगने फलंदाजाला हेल्मेट सक्तीचं केलं ते 1971 मध्ये, आणि त्यातही आधीपासून खेळणाऱ्यांना सूट होती.