कर्णबधिरांच्या संमेलनासाठी सभागृह मिळवताना

कर्णबधिर मुलांच्या पालकांच्या आमच्या छोट्या संस्थेने गेल्या सप्टेंबरात पुण्यात दोन दिवसांचे संमेलन भरवले. दिवसा चर्चासत्रे आणि संध्याकाळी मुलांचा नृत्य-नाट्याचा कार्यक्रम असे त्याचे स्वरूप होते. दोन्ही एकाच छताखाली व्हावेत म्हणून आम्ही शहरातील एक बहुउद्देशीय सांस्कृतिक केंद्र निवडले. संस्थेची कार्यवाह म्हणून अर्ज करण्यापासून अनामत रक्कम परत मिळेपर्यंतची सगळी धावपळ माझ्याकडे होती. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिला श्रवणयंत्र लावून थोडे ऐकू येते, पण तिचे खरे बोलणे भारतीय सांकेतिक भाषेत चालते. हे सभागृह तिच्या डोळ्यांनी पाहायला शिकण्यात माझे चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांचा हिशेब पुढच्या पालकांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण इथे सांगितलेल्या अडचणी त्या एकाच वास्तूच्या आहेत असे मला वाटत नाही.

पुण्यात सभागृहांची परंपरा मोठी आहे. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली, आणि २६ जून १९६८ रोजी ते खुले झाले तेव्हा ते पाहायला बालगंधर्व हयात नव्हते. रंगमंदिराच्या आखणीत पु. ल. देशपांडे यांनी मनापासून लक्ष घातले होते. टिळक रस्त्यावरचे टिळक स्मारक मंदिर, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, स्वारगेटजवळचा गणेश कला क्रीडा मंच ही नावे आमच्या पहिल्या बैठकीतच निघाली. परंतु आम्हाला केवळ नाट्यगृह पुरणार नव्हते. श्रवणयंत्रांच्या प्रदर्शनासाठी प्रशस्त प्रवेशदालन, पालकांच्या गटचर्चेसाठी दोन लहान खोल्या, जेवणाची पंगत बसेल एवढी जागा आणि सांगली-साताऱ्याकडून एसटीने येणाऱ्यांना स्वारगेटहून व नाशिककडून येणाऱ्यांना वाकडेवाडीहून फार फिरावे लागू नये असे ठिकाण, एवढे सगळे एकत्र हवे होते.

आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन २३ सप्टेंबरला असतो. जागतिक कर्णबधिर महासंघाची स्थापना १९५१ साली याच तारखेला झाली, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये हा दिवस ठरवला. आम्हाला त्याच्या जवळचा शनिवार-रविवार हवा होता. एरवी शनिवार-रविवारची तारीख मिळणे पुण्यात किती अवघड असते हे कोणत्याही नाट्यसंस्थेला विचारावे, परंतु ते दिवस पितृपक्षाचे होते, त्यामुळे सत्कार, वर्धापनदिन आणि पुस्तक प्रकाशने यांची गर्दी नव्हती. आमच्यातील दोन ज्येष्ठ सभासदांनी पितृपक्षात संमेलन नको असे सुचवले, पण तारखांचा तक्ता पाहिल्यावर त्यांनीच होकार दिला.

अर्जासोबत संस्थेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, घटनेची प्रत, पॅन, कार्यकारिणीचा ठराव आणि अनामत रकमेचा धनाकर्ष द्यायचा होता. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो अंदाजपत्रकात धरायला आम्ही विसरलो होतो आणि ऐनवेळी वर्गणी वाढवावी लागली. छापील अर्जात ‘मूकबधिर’ असा रकाना होता. मी तो खोडून ‘कर्णबधिर’ लिहिले, कारण आमची मुले मुकी नाहीत, त्यांची भाषा हातांची आहे. खरा पेच मात्र ‘कार्यक्रमाचा प्रकार’ या रकान्यात होता. सभा-परिषदेचा दर वेगळा, नाटकाचा वेगळा, आणि दिवसाची सकाळ, दुपार व रात्र अशी तीन सत्रे स्वतंत्रपणे द्यायची पद्धत. दोन सत्रांच्या मध्ये सभागृह रिकामे करून झाडलोट होते, म्हणजे श्रवणयंत्रांना आवाज पोहोचवण्यासाठी सकाळी जमिनीवर अंथरलेली तार दुपारी उचलायची आणि संध्याकाळी पुन्हा अंथरायची. म्हणून आम्ही दोन्ही दिवसांची तिन्ही सत्रे सलग घेतली आणि शिवाय आदल्या दिवसाचे रात्रीचे सत्र केवळ चाचणीसाठी घेतले. या एका जास्तीच्या सत्रावर संस्थेत बराच वाद झाला. मला आज विचाराल तर मी जेवणातले एक पक्वान्न कमी करीन, पण चाचणीचे सत्र सोडणार नाही.

रात्रीच्या कार्यक्रमात मुलांचे चाळीस मिनिटांचे मूकनाट्य होते. नाट्यप्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी संहिता सादर करावी लागते. ज्या नाटकात एकही शब्द नाही त्याची संहिता कशी लिहायची? नाटक बसवणाऱ्या तरुणाने, जो स्वतः कर्णबधिर आहे, प्रत्येक प्रवेशातील हालचाल मला खुणांनी सांगितली आणि मी ती मराठीत उतरवून घेतली. अकरा पाने झाली. त्या चार संध्याकाळी मला त्या नाटकाबद्दल जेवढे समजले तेवढे तालमी पाहून समजले नव्हते. प्रमाणपत्र वेळेत आले, पोलीस ठाण्याचे पत्रही आले. ध्वनिवर्धकाची रात्री दहाची मर्यादा बंदिस्त सभागृहाच्या आतल्या वापराला लागू नसते, पण आमचा कार्यक्रम तसाही साडेनऊला संपणार होता.

यानंतर जागेवरची पाहणी झाली आणि खरे काम तिथे सुरू झाले. व्यवस्थापक सौजन्याने वागले, हे आधी नमूद करते. मी पहिल्या दोन रांगा कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मागितल्या तेव्हा ते म्हणाले, “ताई, पहिली रांग मान्यवरांची असते. मागे बसवा ना, आवाज मागेपर्यंत व्यवस्थित येतो.” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. सभागृहाची सगळी मांडणीच ऐकणाऱ्या माणसाला धरून केलेली असते, आणि आपण एरवी त्याच माणसाला ‘प्रेक्षक’ म्हणतो. मी त्यांना पंधराव्या रांगेत बसवले, स्वतः रंगमंचाच्या कडेला उभी राहिले आणि बोटांनी काही अक्षरे दाखवली. त्यांना माझा हात दिसला, बोटे दिसली नाहीत. त्यांनी तिथेच वहीत पहिल्या दोन रांगांची नोंद केली.

दुभाषांची जागा ठरवायला दुसरी फेरी लागली. वक्त्याचे व्यासपीठ, पडदा आणि दुभाषी हे तिन्ही एका नजरेत मावले पाहिजेत, नाहीतर पाहणाऱ्याला मान सतत फिरवावी लागते आणि प्रत्येक वळणात एक वाक्य हातचे जाते. म्हणून दुभाषांसाठी व्यासपीठाच्या अगदी शेजारी वीतभर उंच चौथरा मागितला. साधारण वीस-तीस मिनिटांनी दुभाषी बदलावे लागतात, कारण या कामात डोके आणि खांदे दोन्ही थकतात. त्यामुळे बदलीच्या दुभाषांची खुर्चीही समोर, जिथून चालू असलेले भाषण त्यांना ऐकू येईल, अशीच लागते. त्यांच्या पाठीमागे एकरंगी पडदा हवा. सजावटकाराने नेमक्या त्याच जागी झेंडूच्या माळा सोडायचे ठरवले होते. हलणाऱ्या हातांच्या मागे माळा हलू लागल्या की काहीच वाचता येत नाही, हे सांगितल्यावर त्याने त्या दुसऱ्या बाजूला नेल्या.

दिव्यांचा प्रश्न याहून नाजूक होता. दीपप्रज्वलनाच्या वेळी रंगमंच मंद करून समईवर उजेड ठेवायचा आणि कार्यक्रम सुरू झाला की प्रेक्षागृह पूर्ण अंधारात न्यायचे, ही आपली नेहमीची रीत. अंधार झाला की दुभाषी दिसेनासे होतात आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीशी खुणेने बोलणेही बंद पडते. म्हणजे त्या क्षणी कर्णबधिर माणसाचा आवाजच बंद होतो. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या काकांना मी हे समजावत असताना माझी मुलगी मध्येच पुढे झाली, तिने त्यांना दिवे घालवायची खूण केली आणि अंधारात दोन मिनिटे काहीतरी सांगत राहिली. दिवे लागल्यावर तिने त्यांना विचारले, मी काय म्हणाले? काकांनी दुभाषांवर एक स्वतंत्र दिवा कायम ठेवला आणि प्रेक्षागृहातील दिवे निम्म्याच्या खाली न्यायचे नाहीत अशी चिठ्ठी लिहून कन्सोलवर चिकटवली.

या निम्म्या दिव्यांनीच आमची सर्वांत मोठी अडचण उभी केली. ज्यांना श्रवणयंत्राने ऐकू येते त्यांच्यासाठी आम्ही पुढच्या आठ रांगांभोवती इंडक्शन लूप अंथरणार होतो. यात तांब्याच्या तारेच्या वेढ्यातून ध्वनीचा विद्युतप्रवाह सोडतात, त्याचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि श्रवणयंत्रातील लहानसे वेटोळे ते टिपते. यंत्र ‘टी’वर, म्हणजे हे वेटोळे वापरायच्या स्थितीत, ठेवले की माइकमधला आवाज थेट कानात येतो, मध्ये सभागृहाचा घुमारा नाही, शेजाऱ्यांची कुजबूज नाही. अनेक उद्देशांसाठी बांधलेल्या सभागृहात हा घुमारा ठरलेला असतो, कारण गाण्याला थोडा घुमारा हवासा वाटतो आणि भाषणाला तोच मारक ठरतो. लूपचे यंत्र एका कर्णबधिर विद्यालयाने दोन दिवसांसाठी दिले.

चाचणीच्या रात्री तार अंथरून झाली, गॅफर टेपने चिकटवली, आणि मुलगी यंत्र ‘टी’वर ठेवून एकेका खुर्चीवर बसत गेली. तिसऱ्या रांगेपर्यंत तिचा चेहरा उजळलेला होता. मग काकांनी प्रेक्षागृहातील दिवे निम्म्यावर आणले आणि तिने दचकून कानावर हात नेला. कानात भुंगा शिरल्यासारखी घरघर येत होती. आम्ही ध्वनियंत्रणा तपासली, तारांचे जोड तपासले, तासभर गेला. शेवटी काकांनाच सुचले की दिवे पूर्ण लावले किंवा पूर्ण घालवले की घरघर थांबते. दोष डिमरचा होता. डिमर विजेच्या लहरीचा काही भाग कापून दिवा मंद करतो, त्या कापाकापीचे चुंबकीय पडसाद तारांभोवती उमटतात आणि श्रवणयंत्रातले वेटोळे तेही इमानाने टिपते. ऐकणाऱ्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही. उपाय साधा निघाला. डिमर मुळीच वापरायचा नाही. एक सोडून एक दिवा पूर्ण लावायचा आणि उरलेले बंद ठेवायचे. उजेड निम्मा झाला आणि कानातली घरघर गेली. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मुलगी पुन्हा आठही रांगांतून फिरली आणि उजव्या कडेच्या चार खुर्च्यांवर आवाज क्षीण येतो हे तिने दाखवले. त्या चार खुर्च्यांवर आम्ही कागद लावले.

नर्तक मुलांचे मागणे वेगळेच होते. रंगमंच लाकडी आणि खालून पोकळ होता. त्यांनी जाड आवाजाचे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड न करता रंगमंचाच्या फळ्यांना टेकवून ठेवायला सांगितले. ठेका सुरू झाला तेव्हा मी चपला काढून तिथे उभी राहिले. आधी टाचेला, मग पोटरीपर्यंत तो ठेका चढत आला. गेली दहा वर्षे माझी मुलगी नाचते आहे, आणि ती नाच कुठून ऐकते हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

आग लागल्यास काय, हा प्रश्न मी लेखी विचारला होता. इशारा देणारी घंटा होती, चमकणारा दिवा नव्हता. स्वच्छतागृहात असलेल्या कर्णबधिर माणसाला घंटा कशी कळणार? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. त्याच्या कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येण्याजोग्या व्हायला हव्या होत्या. नियम २०१७ मध्ये आले, त्यामुळे ती मुदत केव्हाच उलटली आहे. उतरणीचा रॅम्प तिथे होता. सुगम्यतेची कल्पना तेवढ्यावर थांबली होती. आम्ही प्रत्येक स्वच्छतागृहाबाहेर आणि दोन्ही खोल्यांच्या दारात विजेरी घेतलेले स्वयंसेवक बसवले.

संमेलन ठरल्याप्रमाणे झाले. रविवारी मूकनाट्य संपल्यावर सभागृहात टाळ्या वाजल्या नाहीत. निम्म्या उजेडात सगळ्यांचे हात वर गेले आणि हलू लागले. पहिल्या रांगेवर हक्क सांगणाऱ्या एका पाहुण्यांना शनिवारी आम्ही तिसऱ्या रांगेत नेले होते, तेही उभे राहून हात हलवत होते.

अनामत रक्कम सात आठवड्यांनी मिळाली. टेपचे डाग काढण्याचा खर्च त्यातून वळता केला होता आणि तो रास्त होता. पुढच्या वर्षीचा अर्ज मी आताच दिला आहे. त्याला दुभाषांचा चौथरा, लूपची कड आणि लावायचे दिवे दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोडला आहे. व्यवस्थापकांनी त्याची एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली आणि काकांची ती चिठ्ठी अजून कन्सोलवरच आहे असे सांगितले. चमकणाऱ्या दिव्याच्या इशाऱ्याबद्दलच्या माझ्या पत्राचे उत्तर अद्याप यायचे आहे. त्यासाठी मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जाते.