बोसेतले पाच महिने: एका छपराखाली, वेगवेगळ्या मेजांवर

निघताना आईने बॅगेत टाळांची जोडी घातली. "तिकडे भजन म्हणायची वेळ आली तर नुसत्या टाळ्या वाजवशील का?" म्हणाली. बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) झाल्यावर मी नागपुरात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सीएनआय), तरुण संघाचं काम बघत होते. तिथूनच जिनिव्हाजवळच्या बोसे इथल्या एक्युमेनिकल इन्स्टिट्यूटमध्ये (ख्रिस्ती मंडळ्यांच्या ऐक्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत) एका सत्रासाठी माझी निवड झाली, सप्टेंबर ते जानेवारी. परत आल्यापासून सेमिनरीतल्या मैत्रिणी, ओळखीच्या पाळकसाहेबांची मुलं, सगळे तेच तेच विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

बोसे हे लेमान सरोवराच्या वरच्या अंगाला, जिनिव्हा आणि न्यों या गावांच्या मधलं एक छोटं खेडं. तिथल्या जुन्या वाड्यात आणि त्याच्या आवारात ही संस्था चालते. समोर उतारावर शेतं, खाली पाणी, पलीकडे फ्रान्समधले आल्प्स आणि आकाश मोकळं असेल तर मों ब्लां. मागे जुरा डोंगर. संस्था सुरू झाली १९४६ साली, युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा. ही संस्था चालवणारी जागतिक मंडळ्यांची परिषद (डब्ल्यूसीसी) रीतसर स्थापन झाली ती १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमला, म्हणजे शाळा आधी आणि परिषद नंतर. पैसा जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्या देणगीतून आला. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांतले तरुण इथे एका मेजावर पवित्र शास्त्र उघडून बसले. पहिले संचालक हेंड्रिक क्रेमर स्वतः युद्धात नाझींचे ओलीस होते. १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरमला झालेल्या मिशनरी परिषदेमुळे त्यांचं नाव आपल्याकडच्या सेमिनरीतही शिकवतात. पण मला जास्त ओढ वाटली ती सुझान द दीत्रिख यांची. दीक्षा नाही, पाळकपद नाही, शिक्षण इंजिनिअरिंगचं, आणि सुरुवातीच्या वर्षांत बोसेत शास्त्राभ्यास घेत होत्या त्या. आमच्या मंडळीत अजूनही "बाईने वचन सांगावं का" यावर सभा लांबतात, तेव्हा मला त्या आठवतात.

आता कागदपत्रांचं सांगते, कारण माझा खरा घाम तिथे निघाला. तीन महिन्यांहून जास्त राहायचं असल्यामुळे शेंगेनचा पर्यटक व्हिसा चालत नाही, स्वित्झर्लंडचा 'डी' वर्गाचा व्हिसा लागतो. त्याचा निर्णय दिल्लीत होत नाही. अर्ज तिकडच्या प्रांताकडे जातो, बोसे व्हो प्रांतात येतं म्हणून तिथे. दोन-तीन महिने हाताशी ठेवाच. माझ्या पदवीवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंगच निराळं. आपल्याकडे हे घरोघरी असतं, पण तिकडचा कारकून या तीन वेगळ्या बाया समजतो. निवडीचं पत्र यायची वाट न बघता आधीच प्रतिज्ञापत्र करून घ्या. शिवाय तुमच्या मंडळीचं शिफारसपत्र लागतं. ते बिशपसाहेबांच्या कार्यालयातून शेवटच्या आठवड्यात मागायला जाऊ नका. आणि शिफारस मिळते म्हणजे परत येऊन मंडळीला हिशेब द्यायचा असतो, हेही लक्षात असू द्या.

जिनिव्हा विमानतळाच्या छपराखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून गाडीने सरोवराच्या काठाकाठाने यायचं आणि शेवटचा टप्पा बसने. संध्याकाळनंतर आणि रविवारी बस विरळ असते, त्यामुळे दिवसा पोहोचणारं विमान घ्या आणि वेळ संस्थेला कळवा. चलन फ्रँक, युरो नव्हे. वारंवार फिरणार असाल तर रेल्वेचं अर्ध्या भाड्याचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा, पैसे लवकर वसूल होतात. फोनच्या चार्जरची दोन बारीक गोल पिनांची आपली पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसते. तीन पिनांची बसत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनातली आणि विमानतळावरची सोडून. आल्यावर चौदा दिवसांत स्थानिक पालिकेत नोंदणी करायची असते आणि मग राहण्याचा परवाना मिळतो.

खाण्याबद्दल एकच सांगते. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, खव्याच्या वड्या घरीच ठेवा. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, तिखट, तीळ-खोबऱ्याचं काहीही बिनधास्त न्या. नोव्हेंबरात सरोवरावर धुकं चढतं आणि दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. मग ईशान्येचा 'बीज' नावाचा वारा सुटतो, तो स्वेटरमधून आरपार जातो. त्या दिवसांत मेतकूट-भाताने मला सावरलं. उगाच भावुक होऊन सांगत नाही, घरची आठवण तिथे खरोखर आजारासारखी येते आणि ती येणार हे धरूनच जा.

अभ्यास इंग्रजीतून होतो. संस्था जिनिव्हा विद्यापीठाशी जोडलेली आहे. ज्या ॲकॅडमीतून ते विद्यापीठ वाढलं ती धर्मसुधारक कॅल्विनने १५५९ मध्ये काढलेली. एका सत्राच्या प्रमाणपत्रापासून पुढे मास्टर्स आणि डॉक्टरेटपर्यंत अभ्यासक्रम आहेत. विषय म्हणजे ऐक्य चळवळीचा इतिहास, शास्त्राचं वाचन, मिशन, सामाजिक नीती. १९८२ मध्ये पेरूच्या लिमा शहरात बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवाकार्य या तीन गोष्टींवर जो मसुदा संमत झाला, त्यावर आमचे कित्येक तास गेले. पुस्तकातलं हे सगळं इथे बसूनही वाचता येतं. तिथलं शिक्षण मात्र वर्गाबाहेर जास्त होतं.

सकाळची प्रार्थना विद्यार्थी आळीपाळीने घेतात, आपापल्या रीतीने. एका दिवशी इथिओपियाचा धर्मसेवक धूप घेऊन उभा असायचा, दुसऱ्या दिवशी चिलीचा पेंटेकॉस्टल मुलगा डोळे मिटून मोठमोठ्याने प्रार्थना करायचा, तिसऱ्या दिवशी जर्मन लूथरन मैत्रीण चार ओळी वाचून बराच वेळ गप्प बसायची. पहिले काही दिवस मला यातलं काहीच प्रार्थनेसारखं वाटलं नाही, हे कबूल करते. धुपाने डोकं चढायचं आणि शांततेत पाय हलायचे. ऑक्टोबर संपता संपता मी त्या शांततेची वाट बघायला लागले.

मग प्रभुभोजनाची वेळ आली. एका प्रोटेस्टंट रीतीच्या उपासनेत भाकर मोडली गेली. आम्ही काही जण पुढे गेलो आणि काही जण जागेवरच बसले. माझ्या शेजारी बसणारा, रोज माझ्याबरोबर भांडी विसळणारा कॉप्टिक (इजिप्तच्या प्राचीन मंडळीतला) मित्र उठला नाही. कॅथलिक सिस्टर दोन्ही हात छातीवर आडवे धरून आशीर्वादापुरत्या आल्या. नंतर त्यांच्या उपासनेत आम्ही मागे बसलो आणि ते पुढे गेले. कोणी कोणाचा अपमान केला नव्हता. ज्याच्या त्याच्या मंडळीची शिस्त होती आणि ती मोडावी असं कोणी सुचवलंही नाही. पण पहिल्यांदा तसं बसून राहताना मला रडू आलं. माझ्या पंगतीतला माणूस प्रभूच्या पंगतीत बसू शकत नाही, हे मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिलं होतं. तिथे ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीएवढं समोर होतं. तुमचीही ही वेळ येईल. तेव्हा वाद घालू नका आणि "आपण सगळे एकच" असंही म्हणू नका. मित्राला विचारा, तुझ्यासाठी या भाकरीचा अर्थ काय? माझ्या मित्राने त्याचं उत्तर द्यायला अख्खी संध्याकाळ घेतली, आणि प्रभुभोजनाकडे मी किती सहज, जवळजवळ सवयीने जात होते, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

दुसरा धक्का माझ्याच घरातला होता. वर्गात सगळे मला विचारायचे: तुमची मंडळी सहा वेगवेगळ्या परंपरा मिळून झाली ना, मग अँग्लिकन बिशप, बिशप न मानणाऱ्या बॅप्टिस्टांना कसे चालले? बाळांना बाप्तिस्मा देता की मोठ्यांनाच? आणि मी गप्प. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला आमच्याच नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये स्थापन झाली. त्याच आवारात मी लहानपणी लपंडाव खेळले आहे, पण त्या सहा मंडळ्यांची नावं मला सलग सांगता येईनात. ग्रंथालयात बसून वाचलं तेव्हा कळलं की बोलणी १९२९ पासून चालू होती, एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून सेवकपदं एकत्र आणली गेली, आणि बालबाप्तिस्मा व प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य ठेवले गेले. दक्षिणेत सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडिया) १९४७ मध्येच हे करून दाखवलं होतं. जगभरचे विद्यार्थी भारतीय ऐक्याचा हा इतिहास अभ्यासतात आणि आपण तो रविवारच्या शाळेतसुद्धा सांगत नाही. जाणाऱ्यांना माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच: बार्थ-बोनहॉफरसारखे युरोपीय धर्मशास्त्रज्ञ नंतर वाचा, आधी आपल्या मंडळीचा इतिहास वाचा. मिशन कोणाचं होतं, कोणत्या वस्तीत पहिली कुटुंबं ख्रिस्ती झाली, का झाली, ते आजी-आजोबांना विचारून वहीत लिहून घ्या.

जातीबद्दलही विचारतात, आडपडदा न ठेवता. तुमच्या मंडळीत जात आहे का? सुरुवातीला वाटलं, घरातलं परक्यांसमोर कशाला काढायचं. पण आमच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेची एक मुलगी होती. वर्णभेदाच्या काळात तिच्याच मंडळीने शास्त्रातली वचनं कशी वाकवली, ते ती मान वर करून सांगत होती. मग मलाही खोटं बोलवेना. लग्नं ठरताना काय होतं, कमिटीच्या निवडणुकीत काय होतं, ते सांगितलं. ख्रिस्ती ऐक्यासाठीचा जो प्रार्थना सप्ताह दर वर्षी १८ ते २५ जानेवारीला (दक्षिण गोलार्धात बहुधा पेंटेकॉस्टच्या सुमारास) पाळतात, त्याचं २०१३ सालचं साहित्य भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केलं होतं, बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायावर, दलितांच्या न्यायाचा प्रश्न मधोमध ठेवून. तेही मला तिथेच कळलं. ते शोधून वाचून जा, बोलायला आधार मिळतो.

जिनिव्हात फिरताना बास्तिओं बागेतली धर्मसुधारकांची भिंत सगळेच बघतात, तुम्हीही बघालच. त्याच दिवशी शांपेलपर्यंत जा; लेमान एक्सप्रेसच्या गाड्या थांबतात असं स्टेशन आहे. तिथल्या रुग्णालयाजवळ एक साधा दगड आहे. त्रैक्याचा सिद्धांत नाकारला म्हणून मिगेल सर्व्हेतुसला २७ ऑक्टोबर १५५३ ला कॅल्विनच्या जिनिव्हाने जिवंत जाळलं. १९०३ मध्ये कॅल्विनच्याच अनुयायांनी ती चूक मान्य करत तो दगड उभारला. भिंतीवरचे पुतळे पाच मीटर उंच, आणि हा दगड झाडाझुडपांत शोधावा लागतो. मला दगडाजवळ जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

नाताळ आम्ही तीनदा साजरा केला: २५ डिसेंबरला आम्ही, ६ जानेवारीला आर्मेनियन आणि ७ ला कॉप्टिक-इथिओपियन मित्र. त्यांचे उपवास आपल्या नाताळच्या जेवणात येतात, म्हणून केक करणार असाल तर आधी त्यांना विचारा. अंडी-लोण्याशिवाय नारळाच्या दुधातला केक मी तिथे शिकले.

जानेवारीत प्रार्थना सप्ताहाच्या सुमारास विद्यार्थ्यांची रोमची भेट असते. २५ तारखेला, पौलाच्या परिवर्तनाच्या सणादिवशी, भिंतीबाहेरच्या संत पौल बॅसिलिकात सायंप्रार्थना होते आणि पोपसोबत इतर मंडळ्यांचे प्रतिनिधीही तिथे असतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, दगडी रस्त्यांवर चालायला चांगले बूट, पासपोर्ट आणि स्विस परवाना दोन्ही जवळ. रोममध्ये युरो लागतात. पौलाच्या कबरीपासून काही पावलांवर मी त्या कॉप्टिक मित्राच्या शेजारी उभी होते आणि त्या दिवशी भाकर नव्हती, नुसती स्तोत्रं होती, त्यामुळे आम्हाला कोणालाच मागे बसावं लागलं नाही.

पाच महिने मिळणार नसतील तर डब्ल्यूसीसीच्या मोठ्या परिषदांबरोबर भरणारी 'गेटी' ही तरुणांसाठीची थोडक्या मुदतीची शाळा लक्षात ठेवा. २०१३ ला बुसान, २०१८ ला अरुशा, २०२२ ला कार्ल्सरूह इथे ती झाली. अर्ज कधी निघतात त्यावर नजर ठेवावी लागते.

आणि टाळ. २९ नोव्हेंबरच्या आसपास सकाळच्या प्रार्थनेची पाळी मी मुद्दाम मागून घेतली. आजीकडून शिकलेलं मराठी भजन रोमन लिपीत लिहून, खाली इंग्रजी अर्थ देऊन सगळ्यांना वाटलं. तुम्हीही असंच एक तयार ठेवा, सोप्या ध्रुवपदाचं. दुसऱ्या कडव्याला इथिओपियाच्या मित्राने टाळ माझ्या हातातून घेतले. त्यांच्याकडे उपासनेत सिस्ट्रम (हातात धरून हलवायचं खुळखुळ्यासारखं वाद्य) वाजवतात, त्याचा हात तयार होता. पुढे सत्र संपेपर्यंत ते कधी त्याच्याकडे, कधी चिलीच्या मुलाकडे असायचे. येताना बॅग वजनात बसेना, म्हणून टाळ प्रार्थनागृहातच ठेवून आले. पुढच्या मराठी मुलाने किंवा मुलीने ते मागून घ्यावेत. दोरी बदलायला झाली आहे, तेवढी नवी घेऊन जा.