आमची वाटचाल : लाल टोपणाची सिरिंज

बार्शीत मेडिकल सुरू केलं तेव्हा माझं सगळं लक्ष मालावर होतं. कुठल्या डॉक्टरांकडून कुठली कंपनी चालते, एक्सपायरीचा माल होलसेलर कधी परत घेतो, उधारी कशी वसूल करायची. डी.फार्म. या फार्मसीच्या पदविकेसाठीचं 500 तासांचं ट्रेनिंगही मी एका दुकानातच केलं होतं. तिथे खोकी लावायला शिकलो. औषध नेणाऱ्याशी काय बोलायचं, ते कुणी शिकवलं नाही.

चौथ्या वर्षी एका संध्याकाळी गल्लीतला एक मुलगा इन्सुलिनची सिरिंज मागायला आला. मी लाल टोपणाची काढून दिली, पैसे घेतले. त्याच्या आजी पेनने इन्सुलिन घ्यायच्या. पेन बिघडलं होतं, म्हणून त्याने पेनच्या कार्ट्रिजमधूनच, म्हणजे पेनात बसणाऱ्या इन्सुलिनच्या नळीतूनच, सिरिंज भरली. लाल टोपणाची सिरिंज एका मिलीत 40 युनिट असणाऱ्या बाटलीसाठी असते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलीत 100 युनिट असतात. त्याने 20 च्या रेघेपर्यंत भरलं, म्हणजे अर्धा मिली. आजींना 20 ऐवजी 50 युनिट गेले. पहाटे त्या घामाने निथळत होत्या, काहीबाही बोलत होत्या. दवाखान्यात ग्लुकोज लावलं आणि त्या वाचल्या. घरच्यांनी मला बोल लावला नाही. पण "बाटली आहे की पेन?" एवढं विचारणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

त्या आठवड्यात काउंटरच्या कडेला दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल आलं. इन्सुलिन नेणाऱ्याने तिथे बसून सिरिंज भरून दाखवायची. दम्याचा पंप नेणाऱ्याने तो हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग ओढून दाखवायचा आणि स्टेरॉईडचा असेल तर नंतर चूळ भरायची. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर, हे पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरांत. रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे, असं पुढे फार्मसी व्यवसायाच्या 2015 च्या नियमावलीतही आलं.

त्यात गिऱ्हाईक तुटलं. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाही म्हटल्यावर माणसं समोरच्या दुकानात जायची. दोन वर्षं धंदा खाली होता आणि घरात त्यावरून शब्दाला शब्द वाढायचा. डॉक्टरांना शंका विचारायला फोन केला, तर काहींना राग यायचा. तेव्हा मी आधी वाचायला, मग बोलायला शिकलो. दुपारी दुकान बंद असतं त्या वेळात दुकानातले आम्ही तिघं आठवड्यातून एकदा बसतो. एक औषध घ्यायचं: डोस काय, कशाबरोबर चालत नाही, मूत्रपिंड कमजोर असेल तर काय. औषधाचा त्रास झालेला रुग्ण आला, तर फॉर्म भरून तो औषध-दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे पाठवतो.

गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यातून सांधेदुखीच्या बाई घरी आल्या. त्यांनी दुकानात आणलेल्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम, रोज एक. सांधेदुखीत ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, जीवावर बेततं. आमच्याकडे नुकतीच लागलेली मुलगी काउंटरवर होती. तिने गोळी दिली नाही, बाईंना खुर्चीत बसवलं आणि फोन लावला. डॉक्टर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "देऊ नका, दुरुस्त करून पाठवतो." नवी चिठ्ठी आल्यावर तिने पाकिटावर लिहिलं, "फक्त रविवारी", आणि बाईंकडून ते दोनदा वाचून घेतलं.