ॲल्युमिनाचा थर, तिसरी पट्टी

पोलादाच्या पट्टीवर ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइड, एक सिरॅमिक) भुकटी ज्योतीत वितळवून फवारतोय. मागच्या पट्टीवर पांढरा थर मस्त बसला असं वाटलं होतं. गार होता होता टक्कन वाजलं आणि आख्खा थर पापडासारखा सुटून हातात आला. तो पापड ठेवला होता. परवा त्याची खालची बाजू भिंगाखाली धरली, तर गुळगुळीत. पट्टी मी नुसती पॉलिश पेपरने घासली होती, कणांना धरायला काही नव्हतंच. त्यात गार होताना पोलाद ॲल्युमिनाच्या जवळपास दीडपट आकसतं. मग थर उचलला जाणारच.

हे वेल्डिंग नव्हे. ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत साधारण ३००० अंशांची, ॲल्युमिना २०५० च्या आसपास वितळतो. पण कण जेमतेम ३०-४० मायक्रॉनचा. आपटला, चपटा झाला, तिथेच थिजला. पोलाद वितळवायची धग त्याच्यात कुठून येणार? खाचेत शिरून थिजला तरच टिकतो.

एकेक कण बघायचा म्हणून आरशासारखी चकचकीत स्टेनलेसची पट्टी फवाऱ्यातून झपकन फिरवली. गार पट्टीवर नुसते शिंतोडे: मधे ठिपका, भोवती तुटक किरणं. तशीच आणखी एक पट्टी ३०० अंशांपर्यंत तापवून फिरवली, तर कपाळावर लावतात तशा गोल टिकल्या! गार धातूवर हवेतला ओलावा बसलेला असतो, कण पडताच त्याची वाफ होते. हे त्यामागचं एक कारण. माझा अख्खा रविवार या टिकल्या बघण्यात गेला.

तिसरी पट्टी ग्रिट ब्लास्ट करून (टोकदार कणांच्या माऱ्याने खडबडीत करून) आणली, बोट न लावता तासाभरात कामाला घेतली. आधी निकेल-ॲल्युमिनियमचा पातळ बाँड कोट, म्हणजे पकड देणारा मधला थर. ज्योतीत या दोघांची आपसात प्रक्रिया होऊन जादा उष्णता निघते, म्हणून तो पोलादाला घट्ट बसतो आणि वर सिरॅमिकला खडबडीत जागा देतो. मग ॲल्युमिनाचे पातळ पातळ हात, मधे थांबून. एकूण ०.३ मिमी. (मास्क लावा, ही धूळ फार बारीक.)

दोन दिवस झाले, थर जागेवर आहे. शाईचा थेंब मात्र टाकल्या टाकल्या आत मुरला, म्हणजे छिद्रं आहेत, ती बुजवायला सीलर लागणार. आणि एका कोपऱ्यावर नखाएवढा टवका उडालाय, तिथली कड धारदार राहिली होती. चौथ्या पट्टीच्या कडा कानशीने गोल करून ठेवल्यात.