आठ मिलिमीटरची प्लेट आणि तिचा जन्मदाखला

जर्मनीत गाडीची मागची स्प्रिंग काढून तिथे स्वतः जमवलेली एअर बॅग (स्प्रिंगचं काम करणारी हवेची रबरी पिशवी) बसवली, की गाडीची रस्त्यावर चालायची परवानगीच संपू शकते. दंड वगैरे नंतरची गोष्ट. इथल्या वाहन नियमावलीच्या १९व्या कलमात तसं लिहिलंय: ज्या बदलामुळे इतरांना धोका संभवतो तो केला, की परवानगी आपोआप गेली. मग २१व्या कलमाखाली अधिकृत तज्ज्ञाकडून गाडीची स्वतंत्र तपासणी करून घ्यायची. त्याने हो म्हटलं की बदल गाडीच्या कागदावर चढतो. म्हणजे घरगुती सस्पेन्शन इथे कायदेशीर होऊ शकतं बरं का! फक्त त्याआधी तो तज्ज्ञ जे प्रश्न विचारतो ते ऐकून आपल्या नाशकातला, द्वारका चौकातला कुठलाही मिस्त्री पाना खाली ठेवून चहाला निघून जाईल.

उदाहरणाला स्कोडाची ऑक्टाविया आरएस घेऊ. २०१७ मध्ये आरएस २३० आणि २०२० मध्ये आरएस २४५ हे मॉडेल आपल्याकडे आलं, कॉलेज रोडला एखादी दिसते. अशी गाडी आधीच बुटकी, त्यात हौसेने आणखी खाली बसवलेली. चार माणसं, डिकीत बॅगा, आणि गंगापूर रोडचे स्पीडब्रेकर. मागचा भाग टेकणारच. मागे हवा असली की सामान भरलं तेव्हा प्रेशर वाढवायचं, रिकामी झाली की कमी करायचं.

फक्त मागेच का? पुढे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबावर असतात, तो खांब स्टिअरिंगबरोबर फिरतो आणि शेजारून ड्राइव्ह शाफ्ट जातो. तिथे घरगुती काम नको, तयार एअर स्ट्रटच घ्या. मागे मात्र आरएसला मल्टिलिंक आहे: शॉकअप वेगळा, स्प्रिंग खालच्या आर्मवर वेगळी. स्प्रिंग काढा, तिच्या जागी बॅग. हौशी माणसाचं नशीब इथेच उघडतं.

तज्ज्ञाचा पहिला प्रश्न बॅगेच्या क्षमतेचा. हा हिशेब आपल्याकडे सहसा कोणी करत नाही, म्हणून सविस्तर मांडतो. गाडी साधारण १४५० किलोची धरा, त्यातले चाळीस टक्के मागे, म्हणजे ५८०. एका चाकाला २९०. चाक, ब्रेक, हब यांचे ३५ किलो वजा केले की बॅगेच्या वाट्याला २५५ येतात. पण बॅग चाकावर नाही, आर्मच्या मधे बसते. चाक जॅकने २० मिलिमीटर उचला आणि स्प्रिंगची बैठक किती वर गेली ते मोजा. १३ मिलिमीटर गेली तर गुणोत्तर ०.६५. म्हणजे बॅगेवर २५५ भागिले ०.६५, सुमारे ३९२ किलो. बॅगेचं परिणामी क्षेत्रफळ (ज्यावर हवा प्रत्यक्ष जोर लावते ते) ९५ चौरस सेंटिमीटर असेल तर चौरस सेंटिमीटरला ४.१ किलो, अर्थात ५९ पीएसआय. मागच्या अ‍ॅक्सलवर २०० किलो वाढले की बॅगेवर ५४६ येतात आणि प्रेशर ८२ पीएसआयवर जातं. १०० पीएसआयची बॅग यात बसते, पण ऐसपैस नाही.

इथे दोन घोळ होतात. एक म्हणजे बाहेरून पट्टी लावून क्षेत्रफळ काढणं. बाहेरून १२७ मिलिमीटर व्यासाच्या बॅगेचं गणित १२७ चौरस सेंटिमीटर येतं, प्रत्यक्षात हवा काम करते ती त्याहून लहान वर्तुळावर. मग हिशेबात ४४ पीएसआय दिसतात आणि गाडी उचलायला ५९ लागतात. क्षेत्रफळ बॅगेच्या डेटाशीटवरूनच घ्यायचं, तेही ज्या उंचीला बॅग बसणार त्या उंचीचं, कारण ते उंचीबरोबर बदलतं. दुसरा घोळ बसची बॅग आणण्याचा. 'मोठी म्हणजे मजबूत' हे इथे लागू नाही. ४०० चौरस सेंटिमीटरच्या बॅगेला हीच गाडी पेलायला १४ पीएसआय पुरतात. एवढ्या कमी हवेत रबराची घडी नीट वळत नाही आणि गाडी वळणावर लोळते. ट्रकच्या केबिनखाली असतात त्या छोट्या बॅगा या मापाच्या जास्त जवळ. उलट बॅग फार बारीक, आत हवा थोडी, तर ती दगडासारखी कडक होते.

बॅग घेण्याआधी गाडी लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) चढवा, स्प्रिंग काढा, आर्म जॅकने वर-खाली करा आणि वरच्या-खालच्या बैठकीतलं अंतर तीन ठिकाणी लिहून घ्या: आर्म पूर्ण लोंबकळताना, चालवायच्या उंचीला, आणि शॉकअपचा बंपस्टॉप पूर्ण दबल्यावर. दोन्ही प्लेटांची जाडी वजा करा. पहिल्या मापापेक्षा बॅगेची कमाल लांबी किमान १० मिलिमीटर जास्त हवी. नाहीतर गाडी जॅकवर घेतली की चाकाचं सगळं वजन बॅगेच्या रबराला लटकतं आणि कडेची पकड सुटते. शेवटच्या मापापेक्षा बॅगेची दबलेली उंची कमी हवी. लोंबकळणं थांबवायचं काम शॉकअपचं, दणका झेलायचं काम बंपस्टॉपचं. बॅगेकडून ही दोन कामं करवून घेतली की ती फुटते आणि दोष 'लोकल माला'ला जातो. चालवायच्या उंचीला दोन्ही प्लेटा एकमेकींना समांतर असाव्यात. आर्म कमानीत फिरतो, त्यामुळे लोंबकळताना त्या तिरक्या दिसणारच, त्याला हरकत नाही. फुगलेल्या बॅगेभोवती सगळीकडून १२ मिलिमीटर मोकळे ठेवा.

आता प्लेट. स्प्रिंगच्या वरच्या बैठकीला गोल उंचवटा असतो. त्यावर घट्ट बसेल असा खाचा लेथवर कोरायचा, ८ मिलिमीटर एमएसमध्ये (साध्या पोलादात), कडा २ मिलिमीटर गोल मारून. खाली आर्मच्या वाटीत बसेल अशी चकती आणि मधून एम१० चा १०.९ ग्रेडचा बोल्ट. बॅगेच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमचे आटे असतील तर टॉर्क डेटाशीटवरचाच. हात जड पडला की आटे निघतात आणि अख्खी बॅग बाद.

ही प्लेट जर्मन तज्ज्ञापुढे ठेवली की तो विचारतो, लोखंड कुठलं? एमएस म्हटलं की विचारतो, कागद कुठाय? त्याला हवं असतं ते ईएन १०२०४ प्रमाणे ३.१ प्रतीचं प्रमाणपत्र: कुठल्या भट्टीच्या कुठल्या घाण्यातलं पोलाद, त्यात कार्बन किती, किती ताणाला लांबलं. आठ मिलिमीटरच्या, तळहाताएवढ्या चकतीला जन्मदाखला! वेल्डिंग केलं असेल तर वेल्डरची परीक्षा झाल्याचा कागद. शिवाय रेखाचित्र आणि भाराचा हिशेब. चकतीचं काम पाऊण तासाचं, तिची फाइल बांधायला तीन आठवडे. हे सगळं एका गोल तुकड्यासाठी, ज्यावर येणारा ताण कुठलाही डिप्लोमावाला कागदाच्या पाठीवर काढून देईल.

राग येतो तो यासाठी, की हे काम आपल्याला येत नाही असा त्यातून सूर निघतो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही गल्लीत दोनशे फुटांच्या गाळ्यात असा टर्नर सापडेल, जो ही चकती चहा गार व्हायच्या आत काढून देईल, मापात. ज्या कंपनीमुळे आपल्याकडे मायको सर्कल आहे (मायको हे तिचं भारतातलं जुनं नाव) ती बॉश मूळची इथलीच, श्टुटगार्टची. तिच्या नाशिकच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरचे नोझल मायक्रॉनच्या हिशेबात बनतात. त्या गावाला चकतीचं काय कौतुक सांगता? इथल्या जर्मन हौशी लोकांच्या गॅरेजात लेथ असते हे खरं, पण त्यांच्यातले कितीतरी चकती शेवटी बाहेरूनच करून आणतात.

पण अंबडच्या त्याच गाळ्यात प्लेट भंगारातून उचललेली असते, हेही खरं. तिला कधीतरी गॅसकटर लागलेला असतो, कुठे जुन्या वेल्डची गाठ असते. पाच मिलिमीटरची प्लेट बैठकीच्या बाहेर लोंबत ठेवली की ती बशीसारखी वाकते, बोल्ट ढिला होतो, आणि बैठकीची धार रबर कापते. 'पक्कं करू' म्हणत आर्मलाच वेल्ड मारला तर प्रकरण आणखी वाईट. आर्म दाबलेल्या पत्र्याचा असतो. वेल्डच्या कडेला, जिथे पत्रा तापून गार झाला, तिथूनच पुढे तडा जातो. तेव्हा वेल्ड नको, बोल्टच. जर्मन माणूस कागद मागतो ते याचसाठी, एवढं कबूल. तीन आठवड्यांचं मात्र कबूल नाही.

हवेच्या लाइनीत सर्वांत जास्त वेळ खातात ते आटे. अमेरिकन बॅगांना एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे) आटे असतात, सातपूरच्या दुकानात मिळणारं फिटिंग बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचं. पाव इंचाला एनपीटीत इंचामागे १८ आटे, बीएसपीत १९. कोन ६० आणि ५५ अंश. दोन वेढे बसतात, घट्टही वाटतात आणि रात्रभरात गाडी खाली बसते. वर कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळा. टेप वापरलाच तर पहिले दोन आटे मोकळे सोडा. टेपचा तुकडा वाहत व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसला की गळती शोधता शोधता दिवस जातो. त्यापेक्षा अ‍ॅनारोबिक सीलंट (आट्यांत हवेशिवाय घट्ट होणारा चिकट द्रव) बरं.

नळी कारखान्यातली निळी पीयू (पॉलियुरेथेनची) नको. उष्णता आणि ऊन तिला मानवत नाही. ट्रकच्या एअर ब्रेकची ८ मिलिमीटर नायलॉन नळी घ्या, आडगावच्या ट्रक टर्मिनलकडे विचारा. ब्लेडने तिरकी कापू नका, नळीच्या कटरने काटकोनात कापा, नाहीतर पुश फिटिंगमधली रिंग धरत नाही. एक्झॉस्टपासून हातभर लांब. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी मात्र त्याची स्वतःची जाळीदार नळीच ठेवायची, तिथली हवा नायलॉन मऊ करण्याइतकी गरम असते.

डाव्या-उजव्या बॅगा एका टी-जोडणीने जोडून पैसे वाचवू नका. वळणावर बाहेरच्या बॅगेवर भार येतो, तिथली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी आणखी कलते. कसाऱ्याच्या वळणावर हे समजायला नको. दोन लाइन, दोन व्हॉल्व्ह, प्रेशरचे दोन काटे.

हवेची टाकी १० लिटरची पुरे. दोन बॅगा मिळून अडीच लिटरच्या धरल्या तर शून्यापासून चार बारपर्यंत भरायला १० लिटर मोकळी हवा लागते. १४५ पीएसआयला बंद आणि ११० ला सुरू होणारा प्रेशर स्विच असेल तर मधल्या फरकातच सुमारे २४ लिटर मिळतात. टाकीवर १७५ चा सेफ्टी व्हॉल्व्ह, तळाला पाणी सोडायची चावी. जुना अग्निशामक सिलिंडर वेल्ड करून टाकी बनवणाऱ्यांना लांबून नमस्कार. इथे टाकीवर ईएन २८६-२ ची पट्टी नसेल तर बोलणंच खुंटतं, आणि ट्रकच्या एअर ब्रेकच्या टाकीवर ती असतेच. कॉम्प्रेसरला रिले, बॅटरीजवळ फ्यूज, ६ चौरस मिलिमीटरची वायर. त्यात विशेष काही नाही.

आपल्या पावसाळ्यात टाकीत पाणी भरभर साठतं, आठवड्याला चावी उघडा. इथे तेच पाणी हिवाळ्यात व्हॉल्व्हमध्ये गोठतं. थंडीत 'प्रेशर उतरलं' अशी तक्रारही ऐकू येते, पण वजन तेवढंच असल्याने बॅगेतलं प्रेशर जवळपास तेवढंच राहतं, उतरते ती उंची. २० अंशांवरून उणे १० वर गेलं की त्याच हवेचं आकारमान दहा टक्क्यांनी घटतं. म्हणून उंची काट्यावर नाही, टेपने मोजायची.

आणि आपल्याकडचा कायदा? जर्मन कागदांना नावं ठेवताना तो सोयीने विसरला जातो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे नाशकात अशी गाडी ट्रॅकवर किंवा खासगी जागेतच. इथे फाइल जाड करावी लागते, पण तिच्या शेवटी एक दार आहे. आपल्याकडे कागद कोणी मागत नाही, कारण द्यायला दारच नाही. त्यातलं बरं कुठलं हे तुम्हीच ठरवा.

जोडणी झाल्यावर साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा बघा, मग २४ तास गाडी तशीच ठेवा. टेपने मोजलेली उंची उतरली तर पुन्हा साबण. आर्मचे रबर बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर, चालवायच्या उंचीला. लोंबकळत्या आर्मवर आवळले तर बुश कायम पिळलेला राहून फाटतो. व्हील अलाइनमेंटही त्याच उंचीला, कारण मल्टिलिंकमध्ये गाडी खाली बसली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) दोन्ही बदलतात आणि टायरची आतली कड झिजते. हेडलाइट आपोआप वर-खाली होणारे असतील तर त्यांचा सेन्सर सहसा मागच्या आर्मला जोडलेला असतो. तो नव्या उंचीला शून्यावर आणला नाही तर उजेडाची दिशा चुकते. तपासणीत तज्ज्ञ हेडलाइट बघतोच. मग खिशातून टेप काढून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंतचं अंतर मोजतो, डावीकडे आणि उजवीकडे, आणि तो मिलिमीटरमधला आकडा गाडीच्या कागदावर उतरतो. पुढच्या तपासणीला गाडी त्याच आकड्यावर उभी दिसली पाहिजे.