लाल मातीची वही : रोलाँ गारोसच्या आदल्या रात्री

24 मे 2025, शनिवार

उद्यापासून पॅरिसला रोलाँ गारोस, म्हणजे लाल मातीवरची फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धा. तिच्या दावेदारांचा तक्ता मी या वहीत मांडतोय. जोकोविचने आज जिनिव्हाची स्पर्धा जिंकली आणि वहीतलं त्याचं पान पुन्हा काढावं लागलं. मोंटे कार्लोत ताबिलो, माद्रिदमध्ये अर्नाल्दी, दोन्हीकडे पहिल्याच सामन्यात सरळ सेटमध्ये हार. रोमला तर तो उतरलाच नाही. आणि आज हुर्काझविरुद्ध पहिला सेट गमावला, तिसऱ्यात स्वतःची सर्व्हिस गमावून (ब्रेक) मागे पडला, तरी दोन टायब्रेक (6-6 झाल्यावरचा निर्णायक गेम) काढून 5-7, 7-6, 7-6. कारकिर्दीतलं शंभरावं विजेतेपद, तेही वयाच्या 38व्या वर्षी! ऊर भरून आला. तक्त्यात मात्र त्याला फार वर चढवलेलं नाही, कारण ही विजेत्याला 250च गुण देणारी छोटी स्पर्धा. पॅरिसला पाच सेटपर्यंत खेळायचंय, तेही मातीवरच्या खऱ्या दादा लोकांशी.

यंदा नोंदी ठेवताना एक नियम सुरुवातीपासून पाळलाय : माद्रिदच्या निकालाला रोमच्या निम्मंच वजन द्यायचं. माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचावर आहे. हवा विरळ, त्यामुळे चेंडू सुसाट सुटतो, सर्व्हिसवर फुकटचे पॉइंट मिळतात आणि लांब रॅली तोडणं सोपं जातं. रोम आणि पॅरिसला ही सवलत नाही. तिथे एक पॉइंट तीन-तीनदा जिंकावा लागतो. रूडचंच बघा. माद्रिदला ड्रेपरला हरवून पहिलं मास्टर्स 1000 (विजेत्याला 1000 गुण देणारी मोठी स्पर्धा) जिंकला आणि दोन आठवड्यांच्या आत रोममध्ये सिन्नेरने त्याला 6-0, 6-1 असं धुतलं. रोलाँ गारोसच्या दोन फायनल खेळलेला माणूस, पण त्या दिवशी त्याचा टॉपस्पिन फोरहँड उसळायच्या आतच सिन्नेर परतवत होता.

सिन्नेरबद्दल सगळ्यांना शंका होती. डोपिंग प्रकरणातली तीन महिन्यांची बंदी संपवून थेट रोममध्ये उतरला आणि फायनलपर्यंत गेला. सेमीफायनलला टॉमी पॉलविरुद्ध पहिला सेट 1-6 गमावून पुढचे 6-0, 6-3 घेतले.

पण या मोसमातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा म्हणजे 18 मेच्या रोम फायनलचा पहिला सेट. सिन्नेर 6-5ने पुढे, अल्कराझची सर्व्हिस, सिन्नेरकडे दोन सेट पॉइंट. अल्कराझने दोन्ही वाचवले, टायब्रेक 7-5 घेतला आणि दुसरा सेट 6-1 असा गुंडाळला. सिन्नेरची सलग 26 विजयांची मालिका तिथे संपली. अल्कराझ त्या सामन्यात एकसारखा चेंडू देतच नव्हता. एक उंच, जड फोरहँड, मग मध्येच ड्रॉप शॉट, लगेच नेटवर धाव. सिन्नेरला लय लागली की तो आवरत नाही, म्हणून ती लयच लागू दिली नाही. पॅरिसमध्ये पुन्हा गाठ पडली तर मी याच गोष्टीकडे डोळे लावून बसणार.

मातीवर यंदा अल्कराझचे 15 विजय, 1 पराभव. तो एकमेव पराभव बार्सिलोनाच्या फायनलमधला, रूनविरुद्ध. तिथे मांडी दुखावली आणि माद्रिद हुकलं. माझ्या वहीत तो पहिला, आणि दुसऱ्यापेक्षा बराच पुढे. तिसरा मुसेट्टी. मोंटे कार्लोत फायनल, माद्रिद आणि रोमला सेमीफायनल; इतकं सातत्य दुसऱ्या कुणात दिसलं नाही. ड्रॉमध्ये (कोण कुणाशी भिडणार त्या आराखड्यात) तो आणि रून अल्कराझच्याच बाजूला आलेत. सिन्नेरच्या बाजूला झ्वेरेव्ह, ड्रेपर आणि जोकोविच.

महिलांचा ड्रॉ बघून तर धस्स झालं. सबालेंका, श्वीऑनटेक, पाओलिनी, झेंग, रिबाकिना, ओस्टापेन्को, सगळ्या एकाच अर्ध्यात! श्वीऑनटेक गेल्या वर्षी पॅरिस जिंकल्यापासून एकही फायनल खेळलेली नाही. माद्रिदला गॉफकडून 1-6, 1-6, रोमला कॉलिन्सकडून तिसऱ्याच फेरीत गारद. ही हार मला जिव्हारी लागली, कारण तिच्या फोरहँडइतका सुंदर फटका मातीवर दुसरा नाही. घाई करतेय ती. रिटर्न करताना बेसलाइनला (कोर्टाच्या मागच्या रेषेला) चिकटून उभी राहते आणि जोरकस सर्व्हिससमोर वेळच उरत नाही. दोन पावलं मागे सरकली तर चार वेळच्या विजेतीला पाचव्यांदा जिंकण्यापासून रोखणं अवघड आहे. रोमच्या वजनाने बघितलं तर पाओलिनी वर यायला हवी, एकेरी आणि एराणीसोबत दुहेरी, दोन्ही घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकली. तरी मी सबालेंकालाच पहिली ठेवलंय. माद्रिद जिंकली, स्टुटगार्टची फायनल खेळली. रोमला झेंगकडून हरली तेवढंच. गॉफ दोन मोठ्या फायनल हरली, पण ड्रॉचा सोपा अर्धा तिच्या वाट्याला आलाय.

आणखी एक. पुरुषांच्या बाकी मोसमात लाइन कॉल, म्हणजे चेंडू आत की बाहेर हे ठरवणं, यंत्राकडे होते. माद्रिदला झ्वेरेव्हने मातीतल्या खुणेचा चक्क मोबाइलवर फोटो काढला आणि त्याबद्दल ताकीद घेतली. पॅरिसला लाइनवर अजून माणसंच आहेत, आणि अंपायर खुर्चीवरून उतरून, वाकून खूण बघतो. मला हेच आवडतं. मातीने ठेवलेला पुरावा मातीतच वाचावा.

रात्रीचे सामने आपल्याकडे पावणेबाराला सुरू होतील. पहिल्या आठवड्यात सिन्नेरच्या चौथ्या-पाचव्या सेटमधल्या पायांवर आणि श्वीऑनटेकच्या रिटर्नच्या जागेवर नजर ठेवतोय. पुढची नोंद चौथी फेरी संपल्यावर.